पूर्ण बरी झाल्यावर

“उंदरांचा कॅन्सर बरा करून झाला ना सगळा, आता माणसांचंही स्वल्प बघा म्हणावं.”

हे रघुजी एकदा टीव्हीला म्हणाले होते. बातम्यांत परदेशातला एक पांढरा उंदीर दाखवत होते. त्याच्या पोटातली गाठ विरघळली होती, तो टुणटुणीत झाला होता, आणि हातमोजे घातलेली एक बाई त्याला तळहातावर घेऊन कौतुकानं हसत होती. कौशल्या शेजारी अवरेकाईच्या शेंगा सोलत बसली होती. तिला हसू आवरेना. पण तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि मुकाट्यानं शेंगांत मान घातली. ते विनोद करत नव्हते. त्या बाईला ते खरोखरच जाब विचारत होते.

जाब विचारायची ही सवय त्यांना पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीनं लावली. चामराजपेटेतल्या मराठी गल्लीतून निघून ते मिसरूड फुटायच्या वयात पीण्यातल्या एका कारखान्यात लेथवर उभे राहिले. पुढं स्वतःची शेड झाली. दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि हाताखाली मोजकी माणसं. पंपांच्या कंपन्यांना बुश आणि शाफ्ट करून द्यायचे. कामगार कानडी, ते त्यांना ‘राव सार’ म्हणत. आपले पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर घोड्यावरून या गावात आले असं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. रघुजींना कुणी त्याबद्दल विचारलं तर म्हणत, “घोड्याचं काय झालं ठाऊक नाही. मी आलो तेव्हा सिटी बसच शिल्लक होती.”

लेथवर दोनच गोष्टी असतात. जॉब पास होतो, नाहीतर रिजेक्ट होतो. केसाच्या जाडीनं चुकला तरी रिजेक्ट. रिजेक्ट झालेल्या बुशाचा त्यांना राग येत नसे. ते तो बोटांत फिरवून बघत, कुठं चुकला ते शोधत, आणि भंगाराच्या डब्यात सोडून देत. राग यायचा तो ‘चालेल सार’ म्हणणाऱ्याचा. नवीन आलेला कामगार पहिल्या दिवशी हे म्हणायचा आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची जीभ त्या शब्दाला धजावत नसे.

असल्या माणसाच्या बायकोला असा आजार झाला, की जो पास होत नाही आणि रिजेक्टही होत नाही.

कंबर दुखण्यापासून सुरुवात झाली. शेजारपाजारच्या बायकांनी आपापलं तेल सांगितलं, कौशल्यानं सगळ्यांचं मन राखायला सगळी तेलं लावून घेतली. मग एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना तिनं हात वर केले आणि पाठीत काहीतरी कट्‌ करून वाजलं. ती होती तिथंच बसली. धुतलेलं लुगडं डोक्यावर पडलं, ते बाजूला सारायचीही ताकद राहिली नाही. मणका दबला होता. का दबला ते शोधता शोधता डॉक्टर हाडांच्या आत पोचले, आणि तिथं मज्जेत कॅन्सर होता.

डॉक्टर हयवदन मृदू बोलणारे. अवघड प्रश्न आला की ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत. पहिल्याच भेटीत त्यांनी चष्मा काढला.

“हा मुळापासून जात नाही, राव. आपण त्याला झोपवतो. झोपला की माणूस चांगला राहतो. कधी दोन वर्षं झोपतो, कधी दहा. उठला की दुसऱ्या औषधानं परत झोपवायचा.”

“म्हणजे काम पूर्ण होणार नाही,” रघुजी म्हणाले.

“आज तरी नाही. पण जगभर संशोधन चाललंय. पाच वर्षांत चित्र पुष्कळ बदललेलं असेल.”

एवढ्या बोलण्यातलं रघुजींनी एकच उचललं, ‘पाच वर्षांत’. घरी येताना रिक्षात ते दोनदा तेच म्हणाले. कौशल्या मागच्या सीटवर त्यांच्या खांद्याला डोकं टेकून, दात आवळून बसली होती. प्रत्येक खड्डा तिच्या पाठीतून जात होता. संशोधनापेक्षा तिला त्या घटकेला सपाट रस्ता हवा होता.

त्याच आठवड्यात रघुजी नवस बोलले. त्यांच्या घराण्यात लग्न झालं, मूल झालं, मोठं संकट टळलं की अंबाबाईचा गोंधळ घालायची रीत. मागडी रोडच्या बाजूला राहणारा विठोजी हा त्यांचा पिढीजात गोंधळी. त्याला बोलावून देव्हाऱ्यापुढं बसवलं. आतल्या खोलीत कौशल्या फळीवर उताणी पडली होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

“हिला बरी कर,” रघुजी देवीला म्हणाले. “पूर्ण बरी. अर्धीमुर्धी नाही, गोळ्या खाऊन नाही. डॉक्टरनं तोंडानं बरी झाली म्हणून सांगितलं पाहिजे. त्या दिवशी तुझा गोंधळ घालीन.” हळदीच्या फडक्यात सुपारी बांधून त्यांनी ती देव्हाऱ्याच्या खुंटीला टांगली.

विठोजी बाहेर पडताना दारात रेंगाळला. “अण्णा, एक सांगू? नवस बोलताना माणसानं स्वल्प सैल बोलावं. आमचे बाकीचे यजमान ‘बरं वाटलं की घालीन’ म्हणतात. तुम्ही तर देवीला कोर्टातच उभं केलंत.”

“ऑर्डर नीट द्यावी लागते, विठोजी. नाहीतर माल कसाही येतो.”

“सरी, सरी, बरोबर,” विठोजी म्हणाला. “देवीनं पण अशी पार्टी कधी बघितली नसेल.”

याला आता आठ वर्षं झाली.

या आठ वर्षांत कौशल्या उठली, बसली, चालायला लागली. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या. केस विरळ झाले आणि परत दाट आले, पूर्वीपेक्षा कुरळे. मधे एकदा आजार जागा झाला, त्याला दुसऱ्या औषधानं झोपवलं. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, दर महिन्याला हाडांसाठी एक सुई घ्यावी लागते, पायऱ्या हळू उतराव्या लागतात, एवढं सोडलं तर ती आपल्या घरात आपल्या मर्जीनं वावरते. सकाळी दारात रांगोळी काढते. मेट्रोनं राजाजीनगरला लेकीकडं, संयोगिताकडं जाऊन येते आणि परत येताना तिथल्या दुकानातून गरम कोडबळी आणते. कधी कधी घर सामसूम असताना तिला वाटतं, आपल्या हाडांत कुणीतरी झोपलंय आणि आपण पावलं न वाजवता त्याच्या उशाशी संसार करतोय. पण पाळण्यातलं पोर झोपलं की बायका असाच तर संसार करतात. पोर उठेपर्यंत किती कामं उरकतात.

रघुजींचं मात्र काहीच उरकत नव्हतं. घराला रंग कधी लावायचा? ही पूर्ण बरी झाल्यावर. तुळजापूरला कधी जायचं? पूर्ण बरी झाल्यावर. कौशल्यानं एकदा म्हैसूर सिल्कच्या दुकानात मोरपंखी साडी हातात धरली होती, तेव्हासुद्धा ते बोलून गेले, “घेऊ की, पूर्ण बरी झाल्यावर.” दुकानदार बिचारा दोघांकडं बघत राहिला. तिनं साडी परत घडी घालून ठेवली.

पाच वर्षं झाली त्या महिन्यात रघुजी तपासणीला गेले ते छाती काढूनच. “डॉक्टर, पाच झाली.”

डॉक्टर हयवदन यांना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी चष्मा काढला. “चित्र बदललंय, राव. पूर्वी आमच्याकडं दोन औषधं होती, आता सात-आठ आहेत. तुमच्या बायकोला आत्ता जे चालू आहे, ते तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा या देशात मिळत नव्हतं.”

“पण बरा होतो का?”

“नाही.”

“मग बदललं काय?”

डॉक्टरांनी दाराकडं बोट दाखवलं. दाराशी कौशल्या नर्सबाईला अवरेकाईच्या दाण्यांची उसळ कशी करायची ते हातवारे करून सांगत होती. “ते बदललं,” डॉक्टर म्हणाले.

रघुजींनी मागं वळून पाहिलं, परत डॉक्टरांकडं पाहिलं, आणि त्यांचं समाधान झालं नाही.

त्यांना डॉक्टरांचा राग नव्हता. राग कुणाचा आहे हेच त्यांना सापडत नव्हतं, आणि त्यामुळं तो कुठंही निघायचा. वरच्या मजल्यावर शुभंकर नावाचा भाडेकरू होता, नागपूरचा, कंप्युटरच्या कंपनीत. एका रविवारी त्यांनी त्याला जिन्यातच गाठलं.

“काय हो, तुमचे ते कंप्युटर आता सगळं करतात म्हणे. पत्र लिहितात, चित्रं काढतात. याच्यावर का नाही बसवत त्यांना?”

“बसवलेत ना अंकल,” शुभंकर उत्साहानं म्हणाला. “सीरियसली, खूप रिसर्च सुरू आहे. एआयमुळे सगळं फास्ट झालंय. नेक्स्ट पाच वर्षांत तर...”

“पाच?” रघुजींनी त्याचं वाक्य तिथंच तोडलं. “डॉक्टर पण पाचच म्हणाले होते. पाच काय सरकारी भाव आहे का रे?”

शुभंकर त्यानंतर बरेच दिवस जिना वाजवत उतरत नसे.

दर नवरात्राच्या आधी विठोजीचा फोन यायचा. “अण्णा, यंदा?” आणि अण्णा म्हणायचे, “अजून नाही.” एका वर्षी फोन कौशल्यानं उचलला. विठोजी म्हणाला, “अक्का, मी आपला विचारतो. माझे गुडघे संपत आलेत. उभं राहून संबळ वाजवायची म्हणजे पाय पाहिजेत. पोराला शिकवलंय, पण त्याला ताल येतो, कथा येत नाही. तुमच्या देवीला सांगा घाई करा म्हणून.”

“देवीचं काही नाही हो, विठोजी. यांचंच आहे.”

“ते आलं माझ्या ध्यानात,” विठोजी म्हणाला.

यंदा डिसेंबरच्या तपासणीत रक्तातला आकडा थोडा वर सरकला होता. डॉक्टर हयवदन कागद बघून म्हणाले, “फार नाही. पण चुळबुळ सुरू आहे. दोन-तीन महिने बघू, मग औषध बदलावं लागेल. नवीन औषध जरा जड जाईल, थकवा येईल, इन्फेक्शनला जपावं लागेल. आत्ता त्या छान आहेत. कुठं जायचं असेल, घरात काही करायचं असेल, तर आत्ता करून घ्या.”

ते वाक्य दोघांनी ऐकलं आणि दोघांनी वेगवेगळं ऐकलं. रघुजींनी ऐकलं की नवीन औषध येणार आहे. कौशल्यानं ऐकलं, आत्ता.

घरी आल्यावर तिनं कॉफी केली आणि पेला त्यांच्या हातात देता देता म्हणाली, “अहो, गोंधळ घालू या.”

“बरी कुठं झालीस?”

“तेच तर. आत्ता उभी आहे. उद्या त्या नवीन औषधानं आडवी पडले तर?”

“नवीन औषधानं बरी झालीस तर?”

“झाले तर परत घालू. दोनदा घातला म्हणून देवी रागावत नाही.”

रघुजींनी पेला खाली ठेवला. “तुला कळत नाही. अर्ध्या मालावर सही केली की सप्लायर परत फोन उचलत नाही. देवीला वाटेल, झालं, मिळालं यांना, खूष आहेत. मग ती लक्ष घालेल का आपल्यात?”

कौशल्या त्यांच्याकडं बघतच राहिली. आठ वर्षं तिला वाटत होतं की हा हट्ट आहे, कारखान्यातला ताठा आहे. तो ताठा नव्हताच. हा माणूस घाबरला होता. देवीनं हिशेब मिटवून पाठ फिरवू नये म्हणून त्यानं आठ वर्षं तिचा पदर धरून ठेवला होता, आणि त्या पदराला हिसका बसेल म्हणून स्वतः जागचा हलला नव्हता.

तरी तिनं एक प्रयत्न करून पाहिला. “तुमच्या शेडमधला तो जुना लेथ. त्याच्या स्क्रूत खेळ आलाय, ढिला झालाय म्हणता ना? मग तो बरा झाल्यावरच चालवायचा ठरवलंत का? चालवताच ना, त्याच्या कलानं?”

“त्या लेथला मी नवस बोललो नव्हतो,” रघुजी म्हणाले आणि पेपर उघडून त्यामागं गेले.

त्या दुपारी ती आतल्या खोलीत आडवी झाली. सवयीनं उताणी. आढ्याकडं बघताना तिला ते पहिले महिने आठवले, आणि त्यांच्याबरोबर एक गोष्ट, जी तिनं कुणालाही कधी सांगितली नव्हती.

तेव्हा तिला कुशीवर वळायलाही माणूस लागत असे. संयोगिताला नोकरी होती, ती संध्याकाळी यायची. सकाळी कारखान्यात जायच्या आधी वेणी घालायचे ते रघुजी. त्यांच्या बोटांना कूलंटचा आणि ग्रीसचा वास कायमचा बसलेला. ती बोटं तिच्या केसांत शिरली की डोकं ओढलं जायचं, आणि वेणी व्हायची ती बैलाच्या कासऱ्यासारखी घट्ट. एकदा अशीच वेणी चालली असताना, मान एका बाजूला ओढली गेलेली असताना, तिनं डोळे मिटून देवीला सांगितलं होतं, ‘आई, मला उठव. माझ्या पायावर सैंपाकघरात जाऊ दे, माझ्या हातानं पुरण वाटून तुला नैवेद्य दाखवू दे. तेवढं झालं की तुझा गोंधळ. बाकीचं तू आणि हे काय ते बघून घ्या.’

आणि ते झालं होतं. पुढच्याच्या पुढच्या होळीला ती पाट्यापुढं बसली होती. पाठीला पट्टा, दर चार हातांनी थांबायचं, पण पुरण तिनंच वाटलं. तिचा नवस त्या दिवशीच फिटायला आला होता.

का सांगितलं नाही? एका घरात दोन नवस कशाला, असं आधी वाटलं. ह्यांनी एवढं थोरलं मागितलेलं, त्यापुढं आपलं मूठभर. आणि मग दुसरं एक कारण होतं, ते तिला आज आढ्याकडं बघताना नीट दिसलं. आपल्याला मिळालं, असं ती म्हणाली असती तर ते लढाईत एकटे पडले असते. तिच्या वतीनं ते सगळ्या जगाशी भांडत होते, डॉक्टरांशी, टीव्हीशी, उंदरांशी. ज्याच्यासाठी भांडायचं तोच खुशीत येऊन बसलाय असं कळलं तर भांडणाऱ्यानं हात कुठं ठेवायचे? म्हणून ती गप्प राहिली. देवीला मात्र तिनं ताटकळत ठेवलं होतं, आणि आता तिच्याजवळ वेळ थोडा होता.

ती उठली, चपला घातल्या आणि रिक्षा करून विठोजीकडं गेली.

विठोजी अंगणात खाटेवर पाय सोडून, गुडघ्यांना शेक देत बसला होता. तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि मधून मधून मान हलवत होता.

“अय्यो अक्का,” तो शेवटी म्हणाला, “म्हणजे एका देव्हाऱ्यात दोन ऑर्डरी. आणि लहान ऑर्डर आधी पोचली.”

“मग घालता येतो की नाही?”

“घालता येतो म्हणजे? घालायलाच पाहिजे, उलट उशीर झालाय. पौषातली शाकंभरी पौर्णिमा आहे, देवीचाच दिवस. पण अक्का, नवस बाईचा असला तरी पाटावर जोडी बसवावी लागते. अण्णा बसले नाहीत तर मी संबळीला हात लावणार नाही. माझ्या बापानं लावला नसता.”

“त्यांचं मी बघते.”

“बघा,” विठोजी म्हणाला. “मला त्यांची भीती वाटते. मागच्या खेपेला मला म्हणाले, तुझ्या संबळीचा डावा कान बेसूर आहे.”

“होता का?”

“होता ना. म्हणून तर भीती वाटते.”

सांगायचं तर संयोगिता असताना सांगावं असं तिनं ठरवलं. रविवारी सकाळी लेक राजाजीनगरहून हरभऱ्याची डाळ आणि गूळ घेऊन आली. आईनं मागवलं म्हणून आणलं, कशाला ते तिला ठाऊक नव्हतं. रघुजी पडवीत खुर्चीवर बसून टीव्हीच्या रिमोटचे सेल दाताखाली चावून बघत होते.

“पौर्णिमेला विठोजी येणार आहेत,” कौशल्या म्हणाली.

“कशाला?”

“गोंधळाला.”

रघुजींनी सेल तोंडातून काढला. “मी काय सांगितलं होतं?”

“तुमचा नाही. तुमचा नवस आहे तिथं राहू दे, सुपारीसकट. हा माझा आहे.”

“तुझा कसला?”

तिनं सांगितलं. फार लांबवलं नाही. पुरणापर्यंत आली आणि थांबली. संयोगिता डाळीची पिशवी छातीशी धरून उभी होती, ती तशीच खाली बसली.

“कधी बोललीस हे?”

“तुम्ही माझी वेणी घालत होता तेव्हा.”

“मी तिथं होतो?”

“मागंच होता. ओढत होता.”

संयोगिता फिसकन हसली आणि तिनं तोंडावर हात घेतला.

रघुजी हसले नाहीत. त्यांनी हातातला सेल उलटा केला, सुलटा केला. शेडमध्ये जॉब तपासताना करत तसं. “आणि ते पुरं झालं?”

“कधीच. त्या होळीला पुरण मी वाटलं. तुम्ही चार पोळ्या खाल्ल्यात आणि म्हणालात, वेलदोडा कमी पडलाय.”

“पडला होता.”

“पडला असेल. पण वाटलं मीच.”

“म्हणजे तू जे मागितलंस ते तुला मिळालं,” ते सावकाश म्हणाले. “सगळं?”

“सगळं. वर सहा वर्षं मिळाली, ती तर मी मागितलीच नव्हती.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, हिनं एवढ्यावरच भागवून घेतलं.”

“नाही घेतलंस?”

कौशल्यानं जरा विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं तिला, आणि खरं काय तेही पुरतं ठाऊक नव्हतं. “मला बरं व्हायचंय की,” ती म्हणाली. “कुणाला नको असतं? तुम्ही मागत राहा. डॉक्टरांकडं मागा, देवीकडं मागा, त्या उंदरावाल्या बाईकडं मागा. तुमचं मागणं उघडंच राहू दे, मी त्यावर सही करत नाही. मी फक्त माझी उसनवारी फेडते. देवी एवढी वर्षं थांबली, तिला काही घाई नाही. मला आहे.”

कोपऱ्यावरचा फुलवाला सायकलची घंटा वाजवत गल्लीतून गेला. संयोगितानं एकदा आईकडं पाहिलं, एकदा वडिलांकडं.

“अण्णा,” ती हळूच म्हणाली, “आई एवढी वर्षं तुमच्या नवसापायी थांबली ना?”

“तू गप्प बस,” रघुजी म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

“पाटावर तुम्ही बसल्याशिवाय विठोजी वाजवणार नाही म्हणालेत,” कौशल्या म्हणाली. इतका वेळ तिला वाटत होतं आपण खंबीर आहोत, पण हे शेवटचं मागताना तिला कळलं की सगळं यावरच अडलेलं आहे. “मला एकटीला नाही घालता येत.”

रघुजी तिच्याकडं बघत होते. तोंडाकडं नाही, उभ्या राहण्याकडं. ती कशालाही टेकलेली नव्हती. एक हात कंबरेवर, दुसऱ्या हाताला सकाळच्या रांगोळीची पूड लागलेली, आणि दारातून आलेलं पौषातलं ऊन तिच्या पायांवर पडलेलं. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, परत खालपासून वरपर्यंत पाहिलं. असं त्यांनी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. रिपोर्ट पाहिले होते.

कौशल्याला ती नजर सोसवेना. ती लेकीकडं वळून भराभरा बोलू लागली. “नारळ घरात आहेत. तांदूळ आहेत. चौरंग वरच्या शुभंकरकडं ठेवलाय, त्यावर तो कंप्युटर ठेवतो, तेवढा मागून घे. मांडवाला पाच ऊस लागतील, उंच, शेंड्यासकट. संक्रांत जवळ आलीय, मार्केटात ढीग लागले असतील. जावईबापूंना सांगशील का आणायला?”

“सांगते की. पण त्यांना ऊस म्हणजे रसाचाच माहिती आहे, आई.”

खुर्ची करकरली. रघुजी उठले होते. दोन्ही सेल त्यांनी रिमोटमध्ये बसवले, रिमोट टीव्हीपाशी नेऊन ठेवला. आत जाऊन लुंगी बदलून पँट घालून आले. जिन्याखालच्या फळीवरून सुताच्या दोरीचं भेंडोळं काढलं, एक टोक दोन्ही हातांत धरून ताणून पाहिलं, आणि खांद्यावर टाकलं.

“अण्णा, आत्ता लगेच कुठं?” संयोगिता म्हणाली. “आणि एकटे? पाच ऊस रिक्षात कसे मावतील?”

त्यांनी दाराशी चपला घातल्या. कौशल्या उभी होती तिच्या बाजूनं, तिला धक्का लागू नये इतकं अंग चोरून, ते मार्केटच्या वाटेला लागले.